कुठले चित्रपट येऊ नयेत, हे सांगणारं पान

चित्रपट महोत्सवाच्या कामात सगळ्यांत कमी वेळ मिळतो तो ऑनलाइन लिस्टिंगला, म्हणजे प्रवेशिका मागवणाऱ्या वेबसाइटवरच्या आपल्या पानाला. बोधचिन्हावर बैठकांमागून बैठका होतात, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून रुसवेफुगवे होतात. लिस्टिंग मात्र समितीतला सगळ्यांत तरुण सभासद एका संध्याकाळी भरून मोकळा होतो. नंतर महिनोन्‌महिने जे चित्रपट येत राहतात, ते त्या संध्याकाळी काय लिहिलं होतं त्यावर ठरलेले असतात. पंचतारांकित हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांवर नाही.

अशा वेबसाइटवरून प्रवेशिका मागवण्याची व्यवस्था आली कशी, ते थोडक्यात सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक महोत्सवाचा अर्ज वेगळा असे. तो मागवायचा, हातानं भरायचा, व्हीएचएस कॅसेट पाकिटात घालायची, परदेशी टपालाचे पैसे भरायचे आणि वाट पाहायची. २००० साली अमेरिकेत ‘विदाउटअबॉक्स’ नावाची सेवा सुरू झाली: चित्रपटाची माहिती एकदाच भरा आणि हव्या तेवढ्या महोत्सवांना पाठवा. २००८ मध्ये ती अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या ‘आयएमडीबी’नं विकत घेतली. ती वापरायला किचकट आणि महोत्सवांना महाग पडते, अशा तक्रारी वाढत गेल्या. २०१४ मध्ये कॅनडातून ‘फिल्मफ्रीवे’ आलं आणि पाच वर्षांत पारडं फिरलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘विदाउटअबॉक्स’ बंद पडलं. युरोपात स्पेनचं ‘फेस्टहोम’ आहे, लघुपटांसाठी फ्रान्सचं ‘शॉर्टफिल्मडेपो’ आहे. भारतातले बहुतेक नवे छोटे महोत्सव मात्र आज ‘फिल्मफ्रीवे’वरच दिसतात, म्हणून पुढचं बोलणं मुख्यतः त्याला धरून आहे.

टपालखर्च गेला आणि त्याबरोबर एक नैसर्गिक अडथळाही गेला. पूर्वी कॅसेट पाठवण्याआधी दिग्दर्शक विचार करायचा की या महोत्सवाला माझा चित्रपट चालेल का. आता तो विचार करायला लावणारा खर्चच उरत नाही, विशेषतः प्रवेश विनामूल्य असेल तर. २०२५ च्या सनडान्स महोत्सवाला सर्व प्रकार मिळून पंधरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. सनडान्सकडे त्या पाहायला पगारी माणसं आहेत. तालुक्याच्या फिल्म सोसायटीकडे तीन प्राध्यापक, एक दंतवैद्य आणि दोन हौशी विद्यार्थी असतात.

त्यांचा हिशेब मांडून बघा. सहाशे लघुपट आले आणि सरासरी लांबी पंधरा मिनिटं धरली, तर नऊ हजार मिनिटं झाली, म्हणजे दीडशे तास. प्रत्येक लघुपट निदान दोघांनी पाहायचा म्हटलं, तर तीनशे तास. हे सगळं नोकऱ्या सांभाळून, रात्रीच्या जेवणानंतर. मग होतं काय, तर पहिली तीन मिनिटं पाहून पुढचा लावला जातो. ज्या दिग्दर्शकानं व्हिमिओवर लिंक दिलेली असते, त्याला ती किती वेळा आणि कुठून पाहिली गेली याचे आकडे दिसू शकतात. फी भरूनही लिंक कोणी उघडलीच नाही, हे त्याला कळतं, आणि पुढं तो ते चारचौघांना सांगतोही.

म्हणून माझं म्हणणं असं, की लिस्टिंगचं काम प्रवेशिका वाढवणं हे नाही. चांगली लिस्टिंग चाळणीसारखी असते. ‘यंदा दोन हजार चित्रपट आले’ असं पत्रकार परिषदेत सांगायला बरं वाटतं, पण त्यातले अठराशे तुमच्या महोत्सवाशी काडीचाही संबंध नसलेले असतील, तर तो आकडा आयोजकांच्या लेखणीतला दोष दाखवतो.

आता ते पान वाचणारा कोण, हे पाहू. तो रसिक नसतो, प्रायोजक नसतो, पालकमंत्री तर नसतोच. तो दिग्दर्शक असतो, किंवा त्याच्याबरोबर काम करणारी निर्माती, आणि तिच्या समोर एकाच वेळी पंधरा-वीस महोत्सव उघडलेले असतात. ठाण्यात बसलेली असो वा तेहरानमध्ये, ती मुदत, फी आणि विभाग यांवर गाळणी लावून यादी लहान करत असते. तुमच्या पानावर थांबली तर ती चार गोष्टी शोधते: हा महोत्सव खरोखर भरतो का, कुठं भरतो, माझा चित्रपट कोणासमोर दाखवला जाईल, आणि किती पैसे लागतील. एवढ्याची उत्तरं स्क्रोल न करता मिळाली नाहीत, तर ती पुढं जाते.

आणि आपल्याकडच्या लिस्टिंगांमध्ये नेमकं काय असतं? निमंत्रणपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर. अमुक प्रतिष्ठानच्या विद्यमाने, माननीय अमुक यांच्या प्रेरणेने, चित्रपटकलेचा प्रसार व्हावा या उदात्त हेतूने. तेहरानच्या दिग्दर्शकाला दीपप्रज्वलन कोण करणार याच्याशी देणंघेणं नसतं. समजा, सांगलीत तीन दिवसांचा लघुपट महोत्सव आहे. ‘जगभरातील प्रतिभावंतांना व्यासपीठ देणारा आगळावेगळा महोत्सव’ हे वाक्य सांगलीचं नाव काढून सोलापूर, सुरत किंवा सिडनी घातलं तरी तसंच चालतं. त्याऐवजी असं लिहा: शेती, पाणी आणि लहान शहरांतलं जगणं या विषयांवरचे वीस मिनिटांपर्यंतचे लघुपट आम्ही दाखवतो, प्रदर्शन अडीचशे आसनांच्या नाट्यगृहात होतं, प्रेक्षकांत कॉलेजचे विद्यार्थी आणि आजूबाजूच्या गावांतले शेतकरी असतात, प्रत्येक सत्रानंतर दिग्दर्शकाशी अर्धा तास गप्पा होतात, दुभाषी आम्ही देतो. एवढं वाचून न्यूयॉर्कमधला एखादा भयपटवाला आपणहून निघून जाईल. पेरूमधल्या कालव्यावर माहितीपट करणारी मुलगी मात्र थांबेल. तिला पाहिजे तो प्रेक्षक दुसरा कोणताच महोत्सव देत नसतो.

नावाबद्दल जरा सबुरीनं घ्यावं. पहिल्याच वर्षी ‘ग्लोबल’, ‘इंटरनॅशनल’, ‘वर्ल्ड’ असे तीन शब्द एका नावात कोंबले की जाणकार सावध होतो. आपल्याकडे आणखी एक खोड आहे, ती म्हणजे थोरांची नावं वापरण्याची. दादासाहेब फाळके पुरस्कार केंद्र सरकार १९६९ पासून देतं आणि पहिला देविका राणींना मिळाला. त्याच नावाशी मिळतेजुळते खाजगी पुरस्कार मात्र इतके झालेत, की वर्तमानपत्रं वाचणाराही गोंधळतो. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हा शब्दप्रयोग त्याच पंक्तीतला. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, म्हणजे ‘फियाप्फ’, मोजक्याच महोत्सवांना मान्यता देतो. गोव्याचा ‘इफ्फी’ त्यांत आहे. तुम्ही नसाल, तर मान्यतेचा उल्लेखच करू नका. मान्यता कोणाची, असा प्रश्न आला तर उत्तर द्यावं लागेल.

नावाचा अर्थ सांगायला मात्र लाजू नये. पुण्याचा ‘पिफ’ २००२ पासून भरतो. त्याच्या जागतिक स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘प्रभात’च्या नावाचा आणि मराठी स्पर्धेतला ‘संत तुकाराम’च्या नावाचा आहे. मराठी माणसाला यामागचा सगळा इतिहास एका शब्दात कळतो. लिस्टिंग वाचणाऱ्या पोर्तुगीज दिग्दर्शकाला कळत नाही. पण त्याला एका ओळीत सांगता येतं, की प्रभात ही पुण्यात स्थिरावलेली चित्रसंस्था आणि तिचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला होता. पुरस्काराला असं मूळ असलं की त्याचं वजन रोख रकमेशिवायही वाढतं.

पानाचा खरा कणा आहे तो विभाग आणि लांबीची अट. इथं बहुतेक आयोजक उदार होतात आणि फसतात. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट गणला जातो, म्हणून तीच अट सगळीकडे उचलून लावली जाते. पण आपल्याकडे पडदा किती वेळ आहे, हे कोणी पाहत नाही. तीन दिवस, रोज चार सत्रं, सत्र नव्वद मिनिटांचं. एकूण एक हजार ऐंशी मिनिटं. गप्पा आणि चित्रपट बदलण्याचा वेळ काढला तर नऊशे उरतात. पंधरा मिनिटांचे साठ लघुपट बसतात. चाळीस मिनिटांचे धरले तर बावीस. चाळीस मिनिटांचा एक लघुपट निवडायचा म्हणजे पंधरा मिनिटांच्या दोघातिघांना नकार कळवायचा. तो इतका चांगला आहे का, हा प्रश्न निवड समितीत दरवर्षी भांडणं लावतो. ‘वीस मिनिटांपर्यंत’ असं पानावरच लिहिलं की भांडण घरी येत नाही.

विभागांची संख्याही अशीच फुगते. सर्वोत्कृष्ट विद्यार्थी, सर्वोत्कृष्ट महिला दिग्दर्शक, सर्वोत्कृष्ट मोबाइल फिल्म, सर्वोत्कृष्ट प्रायोगिक, सर्वोत्कृष्ट पोस्टरसुद्धा. प्रत्येक विभागाला वेगळी फी लावता येते, हे त्यामागचं उघड गुपित. चाळीस विभाग आणि दर महिन्याला निकाल, अशा ‘महोत्सवां’ची एक जातच इंटरनेटवर पोसली गेली आहे. तिथं प्रेक्षक नसतात, पडदा नसतो. पैसे भरायचे आणि पोस्टरवर लावायला लॉरेलची पानं घ्यायची. खरा महोत्सव या जमातीपासून वेगळा दिसावा, यासाठी चार-पाच विभाग पुरेत. त्या प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्यात: यात काय बसतं, काय बसत नाही, गेल्या वर्षी यात किती चित्रपट दाखवले. मराठी चित्रपटांसाठी वेगळा विभाग असेल, तर मराठी म्हणजे संवाद मराठीत की निर्मिती महाराष्ट्रातली, हेही सांगून टाकावं. मालवणी किंवा अहिराणी बोलणारा लघुपट कुठं घालायचा, हा प्रश्न हमखास येतो. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलानं इंग्रजीत केलेला लघुपटही येतो, आणि त्याच्या वडिलांचा फोनही येतो.

प्रीमियरच्या अटीबाबत छोट्या महोत्सवांचा फार घोटाळा असतो. बड्या महोत्सवांना जगातला पहिला खेळ स्वतःकडे हवा असतो आणि त्यांना तो मिळतोही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला प्रथम दाखवला गेला आणि तिथं त्यानं ओरिझोन्ती विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला झळकला आणि जागतिक कथापट स्पर्धेचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. अशा चित्रपटांचे निर्माते पहिला खेळ वर्षभर राखून ठेवतात. त्यांच्यापुढं जिल्ह्याच्या महोत्सवानं ‘वर्ल्ड प्रीमियर आवश्यक’ अशी पाटी लावली, तर कुठंच न निवडले गेलेले चित्रपट तेवढे येतील. उलट ‘प्रीमियरची अट नाही’ हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑनलाइन प्रदर्शनाचा खुलासा. तुम्ही निवडलेले लघुपट नंतर यूट्यूबवर टाकणार असाल, तर दिग्दर्शकाला ते आधी कळलं पाहिजे. सार्वजनिकरीत्या ऑनलाइन आलेला चित्रपट काही मोठ्या महोत्सवांच्या आणि पुरस्कारांच्या दृष्टीनं बाद ठरू शकतो. ‘महोत्सवाच्या काळात, फक्त भारतात, पासवर्डसह’ असं नेमकं लिहिलं तर त्याला निर्णय घेता येतो.

फी घेणं गैर नाही. सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टर, पाहुण्यांचा प्रवास यांना पैसे लागतात आणि प्रायोजक दरवर्षी मिळतोच असं नाही. मुदतीचे टप्पे असतात: अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट, एक्स्टेंडेड, टप्प्यागणिक फी चढत जाते आणि त्यातला वाटा वेबसाइट कापून घेते. हे टप्पे जमेल तेवढे कमी ठेवावेत. आयोजकाला शेवटच्या आठवड्यातली गर्दी गोड वाटते, पण निवड समिती तोवर थकलेली असते आणि सगळ्यांत जास्त पैसे भरलेले चित्रपट सगळ्यांत घाईत पाहिले जातात.

फीबद्दल एक गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि माझ्या मते तीच लिहायला हवी. बहुतेक महोत्सवांतले काही चित्रपट बोलावून आणलेले असतात. काहींना फीमाफीचे कोड दिलेले असतात. यात लपवण्यासारखं काही नाही. पण फी भरून आलेल्यांतून किती निवडले गेले, हे भरणाऱ्याला कळू द्यावं. गेल्या वर्षी पन्नास चित्रपट दाखवले, त्यांतले पस्तीस खुल्या प्रवेशिकांमधून आले, असं एक वाक्य असलं की दहा विशेषणांचं काम होतं. हा आकडा लिहायला लाज वाटत असेल, तर लिस्टिंग सुधारण्याआधी निवडीची पद्धत सुधारावी.

नियमांचा रकाना लोक दुसऱ्या महोत्सवाच्या पानावरून उचलून चिकटवतात. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचा उल्लेख त्यामुळं कऱ्हाडच्या महोत्सवात सापडतो. भारतात या रकान्यात एक बाब अवश्य असावी, ती म्हणजे सेन्सॉरची. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी चित्रपटांची यादी, सारांश, लांबी, भाषा वगैरे तपशील वेळेत द्यावे लागतात. म्हणजे निवड जाहीर करण्याची तारीख आणि महोत्सवाची तारीख यांत पुरेसं अंतर हवं, आणि निवड झाली तरी प्रदर्शन परवानगीच्या अधीन राहील, हे दिग्दर्शकाला आधी माहीत हवं. २०१७ च्या इफ्फीत रवी जाधवांचा ‘न्यूड’ ज्युरींनी इंडियन पॅनोरमा विभागासाठी निवडला होता आणि मंत्रालयानं तो यादीतून काढला; त्यावरून ज्युरींच्या अध्यक्षांनी, सुजॉय घोष यांनी, राजीनामा दिला. सरकारी महोत्सवात हे होऊ शकतं, तर तुमच्याकडे काहीही होऊ शकतं.

तांत्रिक अटी उरकून टाकण्यासारख्या नाहीत, पण त्या लांबवायचंही कारण नाही. खेळ मल्टिप्लेक्समध्ये असेल तर डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची प्रत, मागा; कॉलेजच्या सभागृहात असेल तर एमपी४ पुरते. जे चालवायची सोय नाही ते मागू नये. उपशीर्षकं इंग्रजीत हवीत, आणि मराठी चित्रपटांनाही हवीत, कारण परीक्षकांत एखादा मल्याळी असतोच. पाहण्यासाठीची लिंक निकालापर्यंत चालू ठेवावी, हेही सांगून ठेवावं. संगीताचे हक्क चित्रपटकर्त्याकडे असले पाहिजेत. लता मंगेशकरांचं गाणं पार्श्वभूमीला लावून आलेले विद्यार्थ्यांचे लघुपट पाहून मला नेहमी वाटतं, की हे वाक्य ठळक अक्षरांत छापावं.

छायाचित्रांत रिळं, क्लॅपबोर्ड आणि लाल गालिचे नकोत. ते सगळ्यांकडे असतात. भरलेलं सभागृह मागच्या बाजूनं टिपलेलं असावं, म्हणजे पडदाही दिसतो आणि माणसंही. पहिलंच वर्ष असेल आणि असा फोटो नसेल, तर रिकाम्या सभागृहाचा टाका. ते सभागृह खरोखर आहे, एवढं तरी कळतं. पत्ता गुगल नकाशावर सापडेल असा द्या. परीक्षकांची नावं त्यांची संमती घेतल्यावरच घाला. आपलं नाव कुठल्यातरी लिस्टिंगवर पाहून दचकलेले ज्येष्ठ दिग्दर्शक या धंद्यात कमी नाहीत.

‘फिल्मफ्रीवे’वर सहभागी झालेल्यांना महोत्सवाबद्दल अभिप्राय लिहिता येतो आणि तो पानावर सर्वांना दिसतो. लोक तिथं पुरस्कारांबद्दल कमी लिहितात; स्टेशनवर कोणी घ्यायला आलं का, आवाज नीट होता का, नकाराचा ईमेल तरी आला का, याबद्दल जास्त. नकाराचं पत्र हा महोत्सवाचा सगळ्यांत जास्त वाचला जाणारा मजकूर आहे, कारण निवड पन्नासांची होते आणि नकार साडेपाचशेंना जातो. त्याचा मसुदा लिस्टिंग लिहितानाच करून ठेवावा, आणि निकालाची जी तारीख पानावर दिली असेल त्याच दिवशी तो पाठवावा. तारीख पुढं ढकलावी लागलीच, तर पानावर गुपचूप आकडा बदलू नये. आधी प्रवेशिका पाठवलेल्या प्रत्येकाला ईमेल करून कळवावं आणि महोत्सवच रद्द झाला तर फी परत कशी मिळेल, तेही त्याच ईमेलमध्ये लिहावं.